दोरा गुंडाळलेलं हाड

मॅडम,

नाव लिहायचं नाही असं तुम्हीच बजावलंत, म्हणून नुसतं मॅडम. पत्र मात्र जाहीर लिहितोय. काही लोकांनी ते वाचावं अशी माझी फार इच्छा आहे, आणि त्यांना खासगी पत्र पाठवून उपयोग नसतो हे मी अनुभवलंय.

निघताना मी तुम्हाला फक्त ‘थँक्यू’ म्हणालो. घसा दाटला होता, त्यापुढे शब्द फुटला नाही. आता कीबोर्डसमोर बसलोय तर थांबणार नाही.

मी जन्मापासून आंधळा. त्यात डायनासोरचं वेड, म्हटल्यावर लोक आधी गप्प होतात आणि मग हसू दाबतात. पण हे वेड मला पक्ष्यांमुळे लागलं. लहानपणी एक जखमी कबूतर बरं होईपर्यंत माझ्या हाताखाली होतं. पंख मिटताना त्याचं मनगट कसं बाजूला वळतं, हे मी तेव्हाच बोटांनी पाठ करून टाकलं. पुढे ब्रेलमध्ये वाचलं की रॅप्टर म्हणवणाऱ्या शिकारी डायनासोरांचं मनगटही असंच होतं, आणि शास्त्रज्ञ पक्ष्यांना डायनासोरांमध्येच धरतात. झालं! ते मनगट एकदा हातात घ्यायचं, एवढंच डोक्यात बसलं.

एवढंसं मागणं, पण त्यासाठी कायकाय ऐकावं लागलं! एका मोठ्या संग्रहालयात सगळं काचेआड. कानाला लावायला यंत्र दिलं, त्यातला भारदस्त आवाज सांगत होता, ‘समोरच्या चित्रात दिसते त्याप्रमाणे’. दुसरीकडे माझ्या भाच्याला विचारलं, ‘यांना काय पाहिजे?’ मी शेजारीच उभा होतो आणि माझे कान उत्तम आहेत. तिसऱ्या ठिकाणचे गृहस्थ स्वभावाने चांगले, पण त्यांनी मोठ्या कौतुकाने हातात एक रबरी रॅप्टर दिला. ‘असाच असतो बघा!’ अंगभर खवले, पिसाचा पत्ता नाही, आणि दोन्ही हात मनगटातून खाली लोंबणारे, तळवे जमिनीकडे. या प्राण्यांना हात तसे वळवताच येत नव्हते. त्यांचे तळवे टाळी वाजवल्यासारखे समोरासमोर असत. अंगावर तंतूंसारख्या पिसांची लव असलेला सिनोसॉरोप्टेरिक्स चीनच्या लिआओनिंग प्रांतातून 1996 साली जगापुढे आला. त्यानंतर एकामागून एक पिसांवाले डायनासोर तिथून निघतच राहिले. चारही हातापायांवर लांब पिसं असलेला मायक्रोरॅप्टर त्यातलाच. खेळण्यांच्या कारखान्यापर्यंत ही बातमी पोचली नसेल, मान्य. पण संग्रहालयातल्या माणसापर्यंतही नाही?

तुमच्यापर्यंत कसा पोचलो, परवानग्या कशा मिळाल्या, ते रामायण इथे नको.

तुम्ही टेबलावर डायनोनिकस या रॅप्टरचा हात मांडलात. मी म्हटलं, आधी ते पायाचं नख द्या. सगळे त्या कोयत्यासारख्या नखाचंच बोलतात. तुम्ही हसून म्हणालात, ‘नख कुठे पळून जात नाही, आधी मनगट.’ तिथेच मला तुम्ही आवडलात. माझा हात धरून तुम्ही तो हाडावर ठेवला नाहीत, हे आणखी एक. आंधळ्याचं मनगट पकडून त्याला ओढायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. तुम्ही हाड टेबलावर कुठे आहे ते सांगितलंत आणि थांबलात.

बोटं फिरवायला लागलो आणि काहीतरी खरखरीत लागलं. हाडाच्या एका टोकाला बारीक सुती दोरा, वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळलेला. दुसऱ्या हाडावरही मधल्या भागात तसाच. मला वाटलं, तुटलंय म्हणून बांधलं असेल. तुम्ही म्हणालात, ‘जिथे दोरा आहे तिथे आमचा अंदाज आहे. तेवढा भाग जीवाश्मात मिळालेला नाही, आम्ही घडवून जोडलाय. डोळस लोकांना तिथे फिका रंग दिसतो. तुम्हाला कळावं म्हणून दोरा लावला.’

मॅडम, हे पत्र त्या दोऱ्यासाठी आहे.

हाड हातात देणारे आणखी कुणी भेटलेही असते कदाचित. पण त्यातलं खरं किती आणि भर किती, हे आंधळ्याला सांगायची गरज आजवर कुणाला वाटली नव्हती. आम्हाला जे दिलं जातं ते आम्ही अख्खं खरं मानायचं असतं, रबरी खेळण्यासकट. शंका घेणं हा जणू डोळे असलेल्यांचा हक्क. तुम्ही तो हक्क दोऱ्याचे वेढे घालून माझ्या हातात ठेवलात. तुमच्या सहकाऱ्याने जाताना हळूच सांगितलं की आदल्या संध्याकाळी सगळे गेल्यावर तुम्ही एकट्या हे करत बसला होतात. त्यांनी सांगितलं म्हणून त्यांच्यावर चिडू नका.

मग ते मनगटाचं हाड. अर्ध्या चंद्राच्या आकाराचं, एका अंगाने गोलवा आणि त्या गोलव्यावर घसरती खोबण. ‘आता हात हलवा,’ तुम्ही म्हणालात. मी हलवला. तो वर-खाली वाकण्याऐवजी बाजूला वळला, आपली करंगळी असते त्या अंगाला. कबुतराचा पंख मिटतो ना, अगदी तस्सा. कबुतराइतका पुरता मिटला नाही, मध्येच अडला, पण वळण तेच. मी किती वेळ ते पुढे-मागे करत बसलो कुणास ठाऊक. तुम्ही घड्याळाचा विषयही काढला नाहीत.

याच वळणावर अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रम थबकले होते, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा अंगावर काटा आला. 1964 साली मोंटानात त्यांच्या चमूला हा प्राणी सापडला, 1969 साली त्यांनी त्याला डायनोनिकस हे नाव दिलं आणि सुस्त, थंड सरड्यासारख्या डायनासोराच्या कल्पनेला धक्का बसला. पुढे ते जर्मनीतल्या चुनखडीत मिळालेल्या, सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या आर्किऑप्टेरिक्स या पिसांवाल्या आदिपक्ष्याचे नमुने तपासू लागले, तर तिथेही हेच मनगट. एकाला पक्षी म्हणायचं, दुसऱ्याला डायनासोर, आणि हाडं म्हणतायत आम्ही एकाच घरातले!

यात तुमच्या दोऱ्याची फार गरज होती अशी एक जागा आहे. पक्षी आणि डायनासोर यांचं नातं इंग्रज जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्सली यांनी 1860 च्या दशकातच मांडलं होतं. पण 1926 साली गेऱ्हार्ड हाइलमन या डॅनिश चित्रकार-अभ्यासकाचं पुस्तक इंग्रजीत आलं. त्याने साम्यं सगळी मोजली, आणि शेवटी कॉलरबोनपाशी, म्हणजे गळ्याखालच्या हाडापाशी अडला. पक्ष्यांमध्ये दोन्ही कॉलरबोन जुळून विशबोन हे एकच दुबेळकं हाड होतं. डायनासोरांना कॉलरबोनच नाही. गेलेला अवयव उत्क्रांतीत परत येत नाही. सबब पक्षी डायनासोरांपासून आलेले नाहीत. तर्क चोख. पण ‘नाही’ म्हणजे खरं तर ‘अजून ओळखलेलं नाही’ होतं. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1924 साली, ज्या ओव्हिरॅप्टर नावाच्या डायनासोराचं वर्णन छापून आलं त्याच्या छातीशी ते हाड होतं; त्याला दुसरंच काही समजलं गेलं होतं. पुढची चार दशकं बहुतेक जाणकार हाइलमनच्याच वाटेने गेले. आज विशबोन वेलोसिरॅप्टर या रॅप्टरमध्येही सापडलंय.

त्या ओव्हिरॅप्टरची तर वेगळीच परवड. अंड्यांपाशी सापडला म्हणून त्याच्यावर चोरीचा आळ घातला. सत्तर वर्षांनी तसल्याच अंड्यात त्याच्या जवळच्या नातलगाचं पिल्लू मिळालं, आणि अंड्यांवर हात पसरून बसलेले सांगाडेही मिळाले. बिचारा आपलीच अंडी सांभाळत होता.

ऑस्ट्रम स्वतः सांगत तो किस्सा मला तुमच्याकडून पहिल्यांदा कळला. 1970 साली नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या टायलर संग्रहालयात उडत्या सरीसृपाच्या नावाने ठेवलेला एक दगड त्यांनी उजेडात तिरका धरला आणि त्यांना पिसांच्या पुसट खुणा दिसल्या. शतकाहून जास्त काळ तो चुकीच्या चिठ्ठीखाली पडून होता. आता पंचाईत अशी की खरं सांगावं तर एवढा मोलाचा नमुना संग्रहालय हातून काढून घेईल. न सांगावं तर अभ्यासाला घरी नेता येईल. त्यांनी सांगितलं. तिथले अधिकारी दगड घेऊन आत गेले, ऑस्ट्रमना वाटलं संपलं, आणि ते परत आले ते दगड बुटांच्या जुन्या खोक्यात सुतळीने बांधून, घेऊन जा म्हणत. दोघांपैकी कुणालाही कायद्याने हे करावं लागणार नव्हतं. मला तर वाटतं, शास्त्र पुढे जातं त्यात बुद्धीचा वाटा असतो तेवढाच असल्या चांगुलपणाचाही असतो. फक्त तो शोधनिबंधात छापला जात नाही. पुढे 2017 साली तो नमुना आर्किऑप्टेरिक्सचा नसून अँकिऑर्निस या पिसांवाल्या छोट्या डायनासोराच्या कुळातला ठरला आणि त्याला ऑस्ट्रम यांच्याच नावावरून ऑस्ट्रोमिया म्हणू लागले. अंदाज बदलला, माणसाचा मान राहिला.

मी तुम्हाला मध्येच अडवून विचारलं होतं, की वेलोसिरॅप्टर साडेसात कोटी वर्षांपूर्वीचा आणि आर्किऑप्टेरिक्स त्याच्या दुप्पट जुना, मग वेलोसिरॅप्टर पक्ष्यांचा पूर्वज कसा? याआधी हाच प्रश्न मी एका व्याख्यानानंतर विचारला होता आणि ‘तुम्ही फार खोलात जाता’ असं उत्तर मिळालं होतं, वर टाळ्याही. तुम्ही सरळ सांगितलंत: तो पूर्वज नाहीच, चुलत घराण्यातला आहे. दोन्ही घराणी ज्या पूर्वजापासून फुटली तो त्याहून जुना, आणि पिसं त्याच्याही आधीपासून चालत आलेली. एका वाक्यात माझं घोडं गंगेत न्हालं.

आणि सगळ्यात शेवटी तुम्ही वेलोसिरॅप्टरच्या हाताचं ते लांब हाड दिलंत, कोपरापासून मनगटापर्यंत जाणाऱ्या दोघांपैकी मागचं. सांगितलं काहीच नाहीत. मी त्याच्या कडेवरून बोट नेलं. एक उंचवटा. थोड्या अंतराने दुसरा. मग तिसरा. एका रांगेत, सारख्या अंतरावर, सहा. ब्रेलच्या एका घरात जास्तीत जास्त सहाच टिंबं असतात, त्यामुळे माझं बोट ती ओळ वाचायलाच निघालं. ‘इथे पिसं रोवलेली होती,’ तुम्ही म्हणालात. आजच्या पुष्कळ पक्ष्यांच्या पंखाच्या हाडावर मोठ्या पिसांच्या मुळाशी असेच उंचवटे असतात, आणि 2007 साली ते वेलोसिरॅप्टरच्या हाडावर ओळखले गेले. जेमतेम पंधरा-वीस किलोचा प्राणी, सिनेमातल्या माणसाएवढ्या राक्षसाशी काही संबंध नसलेला. हात इतके आखूड की उडण्याचा प्रश्नच नाही, तरी हातावर पिसांची रांग. म्हणजे उडण्याशिवायही पिसं कामाची होती: दाखवायला, अंडी झाकायला, कदाचित भक्ष्यावर पाय रोवून तोल सांभाळायला.

मी ते हाड पुन्हा पुन्हा चाचपलं. त्या सहा उंचवट्यांवर दोरा नव्हता.

मी गप्प झालो तर तुम्हाला वाटलं कंटाळलो. कंटाळलो नव्हतो हो. इतकी वर्षं दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून जे मानत आलो होतो, ते पहिल्यांदाच मी स्वतः पडताळून घेतलं होतं. असं झालं की माणसाला लगेच बोलता येत नाही.

नखाचं राहिलंच. शेवटी दिलंत तेव्हा त्याचा बाक हाताला लागला, टोक बोचलं, मजा आली. पण खरं सांगू? मनगटानंतर नख अगदीच सोपं वाटलं.

आता एक विनंती आहे, आणि ती जाहीर करतोय म्हणजे तुम्हाला टाळता येणार नाही. 2004 साली मे लाँग या छोट्या, पक्ष्यांच्या जवळच्या ट्रूडोंटिड कुळातल्या डायनासोराचं वर्णन आलं, पाय दुमडून, डोकं हाताशी खुपसून, शेपूट अंगाभोवती घेऊन झोपलेला, पक्षी झोपतात तसा. वर्णनं मी बरीच वाचली, पण डोकं नेमकं हाताच्या वर आहे की आत, आणि शेपूट मानेपर्यंत पोचते का, हे प्रत्येक जण वेगळंच सांगतो. त्याची प्रतिकृती कुठे मिळत असेल तर मागवून ठेवा. दोरा या वेळी मी घेऊन येईन, गुंडाळायचा कुठे ते तुम्ही सांगा.

तुमचा,
मनगटवाला