मॉरिशस सहल : रविवारची बैठक

सर्व सभासदांना नमस्कार.

मॉरिशसला येणाऱ्यांची बैठक रविवारी सायंकाळी ५ वाजता मंडळाच्या सभागृहात आहे. पासपोर्टची प्रत सोबत आणा. मुदत तपासूनच या.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट कुणीही चुकवू नये, ही विनंती. १८३४ पासून हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर तिथे उतरले, त्यांत आपली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात. घाटावर शांतता पाळा.

शिवाय :
- गंगा तलाव (हिंदूंचे पवित्र सरोवर) : अंगभर कपडे.
- शामारेलची सप्तरंगी माती : कठड्याबाहेरूनच पाहा.
- समुद्र : प्रवाळावर पाय ठेवू नका, तुकडाही उचलू नका.

प्लास्टिकच्या पिशव्यांना तिथे बंदी आहे. कापडी पिशवी घ्या.

– सहल समिती