समघटक मुलांच्या हातून जोडून घ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावीला कार्बनी संयुगांत संरचना समघटकता येते, म्हणजे रेणुसूत्र एकच पण अणूंची जोडणी वेगळी; अकरावीत ती पुन्हा भेटते. मराठवाड्यातल्या अनेक वर्गांत मात्र मुले आकडेच पाठ करतात: ब्यूटेनचे 2, पेंटेनचे 3, हेक्झेनचे 5, हेप्टेनचे 9. आकडे बरोबर आहेत. पण हेक्झेनचे पाच काढायला सांगितले की वहीत सात-आठ आकृत्या होतात, कारण वाकडी काढलेली साखळी मुलाला नवा रेणू वाटते.

यावर महागडा मॉडेल संच लागत नाही. कडब्यातल्या धांड्याचा भेंड आणि बाभळीचे काटे पुरतात. भेंडाचा तुकडा म्हणजे कार्बन, काटा म्हणजे बंध; हेक्झेनच्या सांगाड्याला भेंडाचे 6 तुकडे, 5 काटे. काट्यांची टोके आधी बोथट करावीत. काळ्या मातीच्या गोळ्या नकोत. वाळताना आकसून तडकतात आणि काटे निसटतात.

जोडणीला क्रम हवाच. आधी सहाची सरळ साखळी. मग पाचची, आणि उरलेला कार्बन दुसऱ्यावर किंवा तिसऱ्यावर. चौथा म्हणजे उलटीकडून मोजलेला दुसराच. टोकाला लावला तर पुन्हा सहाची साखळी होते. शेवटी चारची: उरलेले दोन्ही एकाच आतल्या कार्बनवर, नाहीतर दोन आतल्यांवर एकेक. पाच झाले. इथे उरलेले दोन कार्बन एकामागे एक जोडून दुसऱ्यावर लावले की हमखास '2-इथाइलब्यूटेन' उगवते. सांगाडा हातात फिरवून सर्वांत लांब साखळी मोजावी. ती पाचची भरते, म्हणजे ते 3-मिथाइलपेंटेनच, आधीचेच पाचची साखळी आणि तिसऱ्यावर एक कार्बन.

रेणुसूत्र तेच असताना गुण का बदलतात, हेही इथल्याच हवेतून सांगता येते. पेंटेनच्या तीन समघटकांपैकी सरळ साखळीचे पेंटेन 36 अंशांना उकळते, एक फांदी असलेले आयसोपेंटेन सुमारे 28 ला, दोन फांद्यांचे निओपेंटेन साडेनऊला. एप्रिलच्या चाळीस अंशांच्या दुपारी तिन्ही वायू. परभणीच्या थंडीत पारा नऊच्या खाली गेला तर तिन्ही द्रव. फांद्या वाढल्या की रेणू गोलसर होतो, शेजारच्या रेणूला कमी ठिकाणी टेकतो, म्हणून आकर्षण कमी पडते.

चार कार्बन, आठ हायड्रोजन असा प्रश्न आला की मुले दुहेरी बंधाच्या साखळ्या, म्हणजे दोन ब्यूटीन आणि मिथाइलप्रोपीन, लिहून थांबतात. सायक्लोब्यूटेन व मिथाइलसायक्लोप्रोपेन ही वलयाची संयुगे राहून जातात. काट्याने साखळीची दोन टोके जोडून दाखवली की वलय आपोआप सुचते. शाळांनी या पाठाच्या दोन तासिका केवळ जोडणीसाठी राखाव्यात, ही विनंती.

रसायनशास्त्राचा एक शिक्षक, परभणी