चौथ्या प्रकरणावर थांबलेल्या मित्रास

अमळनेर,
वैशाख वद्य पंचमी

प्रिय सुधीर यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. घरची खुशाली वाचून बरे वाटले. इकडेही सर्व क्षेम आहे. सखाराम महाराजांची यात्रा नुकतीच आटोपली, बोरीच्या पात्रातली दुकाने उठली आणि आता सकाळी अकराच्या पुढे घराबाहेर पाऊल टाकायची सोय राहिलेली नाही, त्यामुळे तुला सवडीने आणि सविस्तर उत्तर लिहायला बसलो आहे. माझ्या सांगण्यावरून घेतलेला ‘सेलेस्ट’ हा डोंगर चढायचा व्हिडिओ गेम खेळ आहे की शिक्षा, असे तू विचारले आहेस, आणि चौथ्या प्रकरणातल्या वाऱ्यापाशी खेळ बंद केला तो पुन्हा उघडला नाही, असेही लिहिले आहेस. प्रश्न रागाच्या भरात विचारलेला असला तरी रास्त आहे. मला मात्र हा खेळ मनापासून आवडतो, आणि तो का आवडतो हे दोन ओळींत सांगून भागणार नाही.

आपण दोघे वाढलो ते मारिओ आणि कॉन्ट्रावर, तेही शेकडो खेळ असल्याचा दावा करणाऱ्या आणि प्रत्यक्षात पाच-सहाच खेळ फिरवून फिरवून दाखवणाऱ्या पिवळ्या कॅसेटवर. तीन लाइफ मिळत, त्या संपल्या की खेळ पुन्हा पहिल्या जगापासून सुरू होई, आणि आठव्या जगातल्या हातोडे फेकणाऱ्या कासवांपर्यंत पोहोचायचे तर आधीची सगळी वाट नव्याने तुडवावी लागे. १९८५ साली निन्टेंडोने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ काढला तेव्हा त्यातल्या ३२ लेव्हल, सारी चित्रे आणि सारे संगीत मिळून अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेले होते. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला याहून कितीतरी जास्त जागा लागते. एवढ्याशा जागेतला खेळ विकत घेणाऱ्याला महिनोन्महिने पुरवायचा, तर तो कठीण करण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि ज्या खेळांची घडण नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर झाली, त्यांचा तर खेळणारा लवकर हरण्यातच फायदा होता. कॅपकॉमचा ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स’ घे. तो जिवाच्या आकांताने संपवला की सगळा खेळ पहिल्यापासून पुन्हा खेळायला लावतो, आणि दुसऱ्यांदा संपवल्यावरच खरा शेवट दाखवतो. याला मी आजही अन्याय म्हणतो, कारण त्यात खेळणाऱ्याच्या कौशल्यापेक्षा त्याच्या वेळेवर घाला घातलेला असतो.

‘सेलेस्ट’ दिसायला त्याच घराण्यातला आहे. मॅडी थोरसन आणि नोएल बेरी यांनी तो प्रथम पिको-८ वर केला. पिको-८ हा मुद्दाम तोकडा ठेवलेला काल्पनिक कन्सोल, म्हणजे केवळ सॉफ्टवेअरच्या रूपात असलेले खेळयंत्र आहे. त्याचा पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा आणि रंग १६. तिथला तो छोटा खेळ त्यांनी चार दिवसांत उभा केला, आणि पुढे त्याचाच विस्तार होऊन जानेवारी २०१८ मध्ये आपण खेळतो तो मोठा खेळ बाहेर आला. मूळचा छोटा खेळ तिसऱ्या प्रकरणातल्या हॉटेलात एका कॉम्प्युटरवर लपवून ठेवलेला आहे. तुला सापडला नसेल तर परत जाऊन अवश्य शोध. मोठ्या खेळाचे चित्रसुद्धा ३२० बाय १८० ठिपक्यांचेच आहे. उडी, भिंतीला धरून चढणे आणि हवेतल्या हवेत आठ दिशांपैकी एका दिशेला मारायची एक झेप, एवढ्या तीन गोष्टींवर सगळा डोंगर चढायचा. झेप वापरली की खेळाची नायिका मॅडलिन हिचे लाल केस निळे होतात आणि पाय जमिनीला लागले की पुन्हा लाल. किती झेपा उरल्या हे सांगायला कोपऱ्यात आकडा नाही. नजर जिथे आधीच खिळलेली असते तिथेच ती माहिती मिळते. इतकी साधी आणि इतकी नेमकी सोय मी दुसऱ्या कुठल्या खेळात पाहिलेली नाही.

आता मुख्य मुद्दा सांगतो. हा खेळ उडीच्या बाबतीत कठोर आहे, पण उडी मारणाऱ्याच्या बाबतीत विलक्षण उदार आहे, आणि ही उदारता त्याने पडद्याआड ठेवलेली आहे. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ उडीचे बटण चालते. जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी बटण दाबले गेले तर ते वाया न घालवता खेळ ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी देतो. बटण दाबून धरले असेल तर उडीच्या माथ्यावर गुरुत्वाकर्षण काही क्षण निम्मे होते, म्हणजे उतरायची जागा ठरवायला थोडी उसंत मिळते. उडी मारताना डोके ठोकळ्याच्या कोपऱ्याला निसटते लागले तर खेळ मॅडलिनला चार पिक्सेल, म्हणजे चार ठिपके, बाजूला सरकवून वर जाऊ देतो. या सगळ्या सवलती खेळ करणाऱ्यांनी स्वतः जाहीरपणे मांडलेल्या आहेत. खेळताना त्यांचा पत्ता लागत नाही. आपला हात बसला आहे, एवढेच जाणवते. म्हणून मृत्यू आला की बोट खेळाकडे दाखवावेसे वाटत नाही, आणि जुन्या खेळांशी तुलना करताना मला हा फरक सर्वांत मोठा वाटतो.

शिवाय इथे लाइफच नाहीत. काट्यावर पडलास तर क्षणार्धात त्याच खोलीच्या तोंडाशी पुन्हा उभा राहतोस, संगीत न थांबता चालूच असते, आणि गमावलेले असते ते फक्त त्या एका खोलीतले काही सेकंदांचे चालणे. किती वेळा मेलो याचा हिशेब खेळ ठेवतो, पण त्या आकड्याचा अभिमान बाळगावा, जितका जास्त मरशील तितका शिकत आहेस, असे एका पोस्टकार्डातून तोच सांगतो. मला हे पोकळ समाधान वाटले नाही, कारण खोल्यांची रचनाच त्या बोलण्याला धरून आहे. एका खोलीत साधारण काय होते ते पाहा. आधी नुसते उभे राहून वाट वाचायची: इथून उडी, माथ्यावर तिरपी झेप, हवेतल्या हिरव्या स्फटिकाला स्पर्श झाला की केस पुन्हा लाल, मग दुसरी झेप सरळ वर, आणि समोरची भिंत पकडायची. पहिल्या काही खेपांत स्फटिकापर्यंतच हात पोहोचत नाही. मग पोहोचतो, पण पुढची झेप घाईने मारली जाते आणि भिंत पिक्सेलभर लांब राहते. हळूहळू पहिला अर्धा भाग बोटांच्या अंगवळणी पडतो आणि सगळे लक्ष पुढच्या अर्ध्यावर देता येते. शेवटी एकदा सगळे सांधे जुळतात आणि दोन-तीन सेकंदांत खोली पार होते. तेव्हा होणारा आनंद आयता मिळालेल्या बक्षिसाचा नसतो, कारण खोलीत काहीच बदललेले नसते. बदललेला असतो तो आपला हात.

स्ट्रॉबेऱ्यांचेही तसेच. मोठ्या खेळात लाल स्ट्रॉबेऱ्या १७५ आहेत आणि त्या गोळा करून काहीही मिळत नाही, फार तर मित्रांवर छाप पडेल, असे खेळ आधीच बजावतो. तरी मी प्रत्येकीच्या मागे जातो. स्ट्रॉबेरी नुसती हाताला लागून भागत नाही, ती घेऊन सुरक्षित जमिनीवर उतरल्यावरच ती आपली होते. त्यामुळे तिथवर पोहोचण्याइतकाच परतीचा विचारही करावा लागतो. पंख असलेल्या स्ट्रॉबेऱ्या तर झेप मारली की उडूनच जातात, म्हणजे हाताला लागलेली सवय सोडून त्या खोलीकडे नव्याने पाहावे लागते. न जमणारी स्ट्रॉबेरी सोडून देण्याची मोकळीक असल्यामुळेच तिच्यासाठी घाम गाळायला मला हरकत वाटत नाही.

आता तुझी तक्रार. वाऱ्याविषयी तू लिहिलेस ते मला मान्य आहे. चौथ्या प्रकरणापर्यंत उडीची लांबी बोटांना पाठ झालेली असते आणि वारा नेमकी तीच काढून घेतो: समोरून आला की उडी तोकडी पडते, पाठीमागून आला की नको तितकी लांब जाते, आणि त्यात पडद्याच्या कडेने बर्फाचे गोळे येतात. तिथे काही खोल्या मलाही विनाकारण लांबवलेल्या वाटतात. माझी याहून मोठी तक्रार सोनेरी स्ट्रॉबेरीबद्दल आहे. एकदाही न मरता सबंध प्रकरण पार केले तरच ती मिळते आणि शेवटच्या खोलीत पाय घसरला तरी आरंभापासून सुरुवात करावी लागते. म्हणजे जुन्या कॅसेटवरचा सगळा जाच दाराने बाहेर घालवून खिडकीतून परत आणला आहे. ती ऐच्छिक आहे हे खरे, पण हा खेळ ज्या तत्त्वामुळे मला प्रिय आहे त्याच्या ती विरुद्ध जाते. सप्टेंबर २०१९ मध्ये आलेल्या ‘फेअरवेल’ या शेवटच्या प्रकरणातली अखेरची खोलीही अशीच अतोनात लांब आहे. मात्र त्या प्रकरणाची थोरवी मी नाकारणार नाही: जी लांब, वेगवान झेप ते सविस्तर शिकवते, ती पहिल्या प्रकरणापासून आपल्या हातात होतीच, फक्त कोणी सांगितलेली नव्हती. शिकल्यावर मागे जाऊन पाहिले तर जुन्या खोल्या वेगळ्याच दिसू लागतात.

तुझ्या कंट्रोलरचाही यात हात असावा असा मला दाट संशय आहे. झेप तिरपी मारायची असताना सरळ जाते, असे तू लिहिलेस. मी पूर्वी घेतलेल्या एका स्वस्त कंट्रोलरची अंगठ्याखालची काठी अशीच सैल होती, आणि आठ दिशांच्या या खेळात सैल काठी म्हणजे निम्म्या झेपा वाया. काठी सोडून चार बाणांच्या बटणावर खेळून पाहा. मी तेच वापरतो.

राहता राहिला ‘असिस्ट मोड’, म्हणजे खेळ आपल्यापुरता सोपा करून घ्यायची सोय. तो चालू करणे म्हणजे हार मानणे, असे तू म्हणतोस. बहिणीचा मुलगा सुटीसाठी साक्रीहून आला आहे. तो सुरुवातीला शेजारी बसून माझे खेळणे पाही आणि दर वेळी काळजीने विचारी, “मामा, परत मरी गया का?” आता तो स्वतः खेळतो, वेग सत्तर टक्क्यांवर आणून आणि भिंतीला धरून राहण्याची ताकद अमर्याद ठेवून. हा वेग पन्नास टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो, झेपांची संख्या वाढवता येते, हवे तर मृत्यूही बंद करता येतो. खेळ त्याबद्दल टोमणा मारत नाही. आपण दोघे पाठीला पत्र्याचा डबा बांधूनच मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलो, आणि त्यामुळे आपल्याला पोहता येत नाही असे आजवर कोणी म्हटलेले नाही. भाच्याने कालच आपण होऊन वेग ऐंशीवर नेला. तूही तेवढ्या वाऱ्यापुरता तो कमी कर, नंतर पूर्ववत कर.

कारण त्या वाऱ्याच्या पलीकडे जे आहे ते तू पाहावेस अशी माझी फार इच्छा आहे. प्रकरणाच्या अखेरीस मॅडलिन आणि तिचा सोबती थिओ दोरावरून जाणाऱ्या पाळण्यात बसून वर निघतात आणि पाळणा मध्येच अडकतो. तिचा श्वास कोंडतो, छातीत धडधड सुरू होते. थिओ तिला डोळ्यांसमोर एक पीस आणायला आणि श्वासाने ते तरंगत ठेवायला सांगतो, आणि ते पीस खेळ तुझ्या हाती देतो: बटण दाबले की पीस वर, सोडले की खाली, आपल्याही नकळत आपला श्वास त्या लयीत येतो. सतत बोटांची परीक्षा घेणारा खेळ तिथे मुद्दाम थांबून खेळणाऱ्याला शांत करतो. हे आधी सांगितल्याने त्यातली गोडी कमी होत नाही, म्हणून सांगितले.

जाता जाता दोन युक्त्या. चालत्या ठोकळ्यावरून उडी मारलीस तर त्याचा वेग उडीला मिळतो, आणि ठोकळा थांबल्यावरही क्षणभर तो मिळत राहतो. वाऱ्याच्या खोल्यांत याचा मोठा उपयोग होतो. दुसरे, समोरून वारा असताना झेप उडीच्या आरंभी मारू नकोस, माथ्यावर पोहोचल्यावर मार. एवढे करूनही अडलास तर कोणत्या खोलीत अडलास ते पडद्याचा फोटो काढून पाठव, मी ती खोली इथे खेळून तुला पावलागणिक लिहून कळवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर लवकर पाठव.

तुझा,
प्रमोद