भिंतीला भोक पाडण्याआधी एक रात्र

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घराबाहेर कॅमेरे लावण्याविषयीचा लेख आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचला. किती मेगापिक्सेल घ्यावेत, किती दिवसांचे रेकॉर्डिंग ठेवावे, मोबाइलवर कसे दिसते, सगळे त्यात होते. वायरीचा विषय मात्र एका ओळीत उरकला होता : ‘वायरिंग तंत्रज्ञ करून देतो.’ तो तंत्रज्ञ मी. सतरा वर्षे हेच काम करतोय, म्हणून त्या एका ओळीवर थोडे लिहावेसे वाटले.

माझे म्हणणे एवढेच, की कायमची वायर ओढण्याआधी कॅमेरा तात्पुरत्या वायरीवर एक अख्खी रात्र बाहेर चालवून बघावा आणि काम झाले की ती वायर काढून टाकावी. पहिली गोष्ट फारसे कोणी करत नाही. जे करतात ते दुसरी विसरतात. मीही एकदा विसरलो होतो, ते पुढे सांगतो.

आधी गोदामाची गोष्ट. मागच्या फाटकावर एक कॅमेरा लावायचा होता. टेबलावर हातभर पॅच कॉर्ड (तयार मिळणारी आखूड केबल) जोडून तपासला, चित्र स्वच्छ. मग सत्तर मीटर केबल पाइपातून नेली, पाइप भिंतीत गेला, वरून गिलावा झाला. संध्याकाळी मालकांना फाटक दाखवले, पैसे घेतले, घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन : ‘रात्रभर कॅमेरा बंद होता.’ मी धावत गेलो तर कॅमेरा सुरू, चित्र सुरेख. असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी मी संध्याकाळीच फाटकाखाली जाऊन बसलो. उजेड गेला तशी कॅमेऱ्यातली फिल्टरची काच सरकल्याचा बारीक ‘टक’ ऐकू आला, लेन्सभोवतीचे, अंधारात बघण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे अंधूक लाल दिसले आणि लगेच सगळे विझले. मिनिटभराने कॅमेरा पुन्हा उठला, अंधार बघितला, ‘टक’, दिवे, खलास. मी तिथे बसलो होतो तोवर हेच चालले होते. सकाळी सूर्य उगवला की साहेब ठणठणीत!

कारण साधे होते. या कॅमेऱ्यांना वीज आणि चित्र दोन्ही एकाच नेटवर्क केबलमधून जातात. आम्ही त्याला पीओई म्हणतो. २००३ च्या मूळ मानकाप्रमाणे स्विचचा (म्हणजे अनेक नेटवर्क केबली जोडायच्या डब्याचा) एक पोर्ट, केबल खोचायचे तोंड, १५.४ वॅट देतो आणि शंभर मीटरच्या टोकाला त्यातले १२.९५ वॅट पोचतील असे धरलेले असते. मधले जवळजवळ अडीच वॅट वायर गरम करण्यात जातात. पण हा हिशेब तांब्याच्या वायरीचा. मी वापरलेल्या केबलची एक तार पात्याने खरवडली तर तांबूस रंग निघून आत पांढरी चकाकी दिसली. अॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. अॅल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. दिवसा कॅमेरा चार-पाच वॅटवर भागवत होता, तोवर ते खपून गेले. रात्री दिव्यांनी दुप्पट मागितले आणि शेवटच्या टोकाला व्होल्टेज कोसळले. खोक्यावर ‘कॅट ६’ अशी केबलची प्रतवारी ठळक छापलेली होती, आणि मी ते वाचून समाधान मानले होते. गिलावा फोडायचा खर्च माझ्या खिशातून गेला. तो जायलाच हवा होता.

तेव्हापासून माझ्या गाडीत एक रीळ असते. त्यावर नव्वद मीटर शुद्ध तांब्याची, बाहेर वापरायची काळी केबल, दोन्ही टोकांना कनेक्टर. गिऱ्हाईक म्हणते, ‘अहो, अंतर तर वीस मीटरच आहे, एवढी कशाला?’ मी म्हणतो, उरलेली रिळावरच राहू दे. नव्वद मीटरमधून रात्र काढली तर वीसमधून काढेलच. आणि कायमची केबल दुसऱ्या खोक्यातली असेल तर तिचाही एक तुकडा पात्याने खरवडूनच पाइपात घालतो.

तात्पुरती वायर बाहेर काढताना लोक जे करतात ते बघवत नाही. खिडकीच्या फटीतून वायर घालतात आणि वर खिडकी दाबून लावतात. केबलच्या आत जोडी-जोडीने पिळलेल्या तारा असतात. तो पीळ चेपला की कधी चित्र तुटते, कधी तुटत नाही, आणि दोष कॅमेऱ्याला लागतो. फटीतून सहज जाते म्हणून फितीसारखी चपटी वायर घेतात. तिच्यातल्या तारा इतक्या बारीक असतात की लांब अंतरावर वीज न्यायला ती कामाची नाही. त्यापेक्षा खिडकी बोटभर उघडी ठेवा, फटीत फोमचा तुकडा किंवा जुने फडके भरा, एक रात्र काही बिघडत नाही. केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, घरात येणार नाही. जोड उघड्यावर असेल तर त्याचे तोंड जमिनीकडे. प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वरून टेप मारणारे पुष्कळ आहेत. पिशवीत पाणी शिरते ते शिरतेच, वर बाहेर पडायला वाट राहत नाही. पाणी आणि वीज एकत्र आले की कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. एकदा तर बाहेरच्या जोडात शिरलेले पाणी केबलच्या आतून झिरपत खालच्या मजल्यावरच्या स्विचपर्यंत पोचलेले मी पाहिले आहे. कनेक्टर उपटला तर आतून थेंब पडला.

आणि आकाशात गडगडाट सुरू झाला तर चाचणी राहू द्या, आतले टोक काढून ठेवा. बाहेर पसरलेली तांब्याची तार घरातल्या यंत्रांना जोडून ठेवायची ती वेळ नव्हे.

आता रात्रभर बघायचे काय? वीज टिकते का, हे झालेच. त्याहून महत्त्वाचे, चित्रात माणूस ओळखू येतो का. कॅमेऱ्यांच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात याचे आकडे दिलेले आहेत. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल हवेत, ओळखीचा माणूस ‘हा तोच’ म्हणण्यापुरता १२५ पुरतात. साध्या फुल एचडी चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. तिला २५० ने भागून बघा, साडेसात मीटरच्या थोडे पुढे जाते. म्हणजे त्याहून रुंद जागा एका कॅमेऱ्यात कोंबली की चोर दिसेल, चोराचा चेहरा दिसणार नाही. लोकांना मात्र पूर्ण अंगण, रस्ता, फाटक आणि गाडी एकाच चौकटीत हवी असते. तोंडाने सांगून पटत नाही. तात्पुरता कॅमेरा बांबूला बांधून रात्री त्यांनाच फाटकातून चालत यायला सांगतो आणि मग त्यांचे स्वतःचे चित्र दाखवतो. एक बाई म्हणाल्या, ‘हे भूत कोण?’ त्या स्वतःच होत्या. कॅमेरा दोन हात खाली आणि जवळ आला.

उंचीचेही तसेच. कोणी तोडू नये म्हणून कॅमेरा उंच लावायचा आणि मग महिनाभर टोप्या आणि टकले रेकॉर्ड करायची. शेजारी पांढरी भिंत असेल तर इन्फ्रारेडचा उजेड तिच्यावरून उलटून अर्धे चित्र दुधाळ होते. लेन्ससमोर कोळ्याने एक धागा ताणला की रात्री तो दोरखंडाएवढा दिसतो. वाऱ्यावर हलणारी एक फांदी रात्रभर मोबाइलवर ‘हालचाल आढळली’ म्हणून ओरडत राहते. यातले काहीही दुपारी तीन वाजता टेबलावर कळत नाही. आणि हो, शेजाऱ्याची खिडकी चित्रात येते का, तेही याच रात्री बघावे. शक्य असेल तर त्याला बोलावून दाखवावे. बांबू हलवायला एक मिनिट लागते.

आता माझी चूक. एका कार्यालयाच्या कुंपणावर मी अशीच वायर चाचणीसाठी टाकली होती. घाईत साधी घरातली पांढरी केबल वापरली. चाचणी झाली, कॅमेऱ्याची जागा बदलली, कायमचे काम दुसऱ्या बाजूने झाले, आणि ती वायर तशीच राहिली. अकरा महिन्यांनी दुसऱ्याच कामाला गेलो तेव्हा कुंपणाला लोंबताना दिसली. उन्हाने आवरण तडकले होते, बोटाने दाबले की पापुद्रे निघत होते. दुसरे टोक अजून त्यांच्या मुख्य स्विचमध्येच होते. मी रस्त्यावर उभे राहून लॅपटॉप जोडला. हिरवा दिवा लागला आणि आतल्या संगणकांची यादी पडद्यावर आली, हिशेबाच्या फोल्डरसकट. कुलूप, पहारेकरी, आठ कॅमेरे आणि बाहेर लोंबणारे हे उघडे दार. मी बसवलेले. कार्यालयात जाऊन सांगितले. सांगताना मान खाली होती.

म्हणून आता चाचणीची वायर मी कुणाच्या राउटरला किंवा मुख्य स्विचला लावतच नाही. माझा छोटा पीओई स्विच, त्यात कॅमेरा, त्यातच माझा लॅपटॉप, संपले. चित्र बघायला इंटरनेट लागत नाही. गिऱ्हाइकाला मोबाइलवरच बघायचे असेल तर कॅमेऱ्यांपुरते वेगळे नेटवर्क करून देतो आणि काम झाले की तो पोर्ट बंद करतो. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड चाचणीपुरताही ठेवत नाही. ‘उद्या बदलू’ म्हणून राहिलेल्या अशाच पासवर्डांवर २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले होते. त्यांनी एकाच वेळी केलेल्या विनंत्यांच्या माऱ्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन (Dyn) या, संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीची सेवा कोलमडली आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे असंख्य लोकांना काही तास उघडेनात. कॅमेरे मालकांच्या भिंतीवर नेहमीसारखे चालूच होते.

माझ्या धंदेबंधूंना राग येईल, पण लिहितो. एका रात्रीच्या चाचणीचे वेगळे पैसे मागायला आपण लाजतो, म्हणून ती करतच नाही. मागा. गिऱ्हाइकांनीही कोटेशनमध्ये ती ओळ शोधावी आणि नसेल तर विचारावे. नवे घर बांधणाऱ्यांनी कुंपणापर्यंत एक रिकामा पाइप आतल्या दोरीसह टाकून ठेवला, तर निम्मे रडगाणे तिथेच संपेल. पुढच्या लेखात आपण यावर दोन परिच्छेद दिलेत तर बरे होईल.

हल्ली तात्पुरत्या वायरीच्या दोन्ही टोकांना मी लाल चिकटपट्टी लावतो आणि तिच्यावर मार्करने काढायची तारीख लिहितो. परवा एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला फोन केला, ‘लाल पट्टीवर आजची तारीख आहे, येताय ना?’ चहा व्हायचा होता, पण गेलो.

आपला,
कॅमेरे बसवणारा एक वाचक