सलाइन लावण्याआधी शिसे कुठून आले ते शोधा

मा. संपादक,

‘शरीरातली विषारी द्रव्ये बाहेर काढा’ म्हणून कीलेशनची सलाइन लावून देणाऱ्या जाहिराती अधूनमधून दिसतात. शिशाच्या विषबाधेवर कीलेशन हाच खरा उपचार आहे, म्हणून तर त्याचा असा बाजार खटकतो.

कीलेशनची औषधे म्हणजे धातूला चिमट्यात धरून लघवीवाटे बाहेर नेणारी औषधे. डायमरकॅप्रॉल दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लुइसाइट या रासायनिक अस्त्रावर उतारा म्हणून तयार झाले. त्याचे इंजेक्शन शेंगदाणा तेलात असते आणि भयंकर दुखते. पुढे कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए आले, मग तोंडाने घ्यायचे सक्सिमर. मुलाच्या रक्तात डेसिलिटरमागे 45 मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे असेल तर ती द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून सांगते. त्याहून कमी, म्हणजे 20 ते 44 मायक्रोग्रॅम शिसे असलेल्या 780 मुलांवर अमेरिकेत सक्सिमरची चाचणी झाली. रक्तातले शिसे उतरले, बुद्धीत मात्र फरक पडला नाही. आणि कॅल्शियम नसलेले नुसते डायसोडियम ईडीटीए तर घातकच. 2005 मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पाच वर्षांच्या स्वमग्न मुलाला ते दिले गेले, रक्तातले कॅल्शियम घसरले आणि तो दगावला.

नायजेरियातल्या झाम्फारात 2010 साली शिसे मिसळलेले सोन्याचे खनिज घरातच दळल्यामुळे शिशाची धूळ पसरून चारशेहून अधिक मुले गेली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेने तिथे सक्सिमर दिले, पण दूषित माती काढल्यानंतरच. बागेगा गावच्या मुलांना त्यासाठी 2013 पर्यंत थांबावे लागले. निर्णय कठोर वाटतो. पण मूल पुन्हा त्याच धुळीत रांगणार असेल तर औषध देऊन काय उपयोग? शिवाय हाडांत साठलेले शिसे उपचार थांबल्यावर हळूहळू रक्तात उतरतेच.

आपल्याकडे 1948 च्या कारखाना कायद्याने शिशाची विषबाधा आढळल्यास कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. पण घरामागे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणारा माणूस कुठल्या कारखान्याच्या हजेरीपटावर असतो? त्याच्या अंगावरच्या कपड्यांतून ती धूळ घरातल्या लेकरांपर्यंत पोहोचते. असा रुग्ण सापडला की आरोग्य खात्याने त्याच्या घरी जावे, सगळ्यांचे रक्त तपासावे, कुणी नागभस्म, म्हणजे शिशाचे भस्म, घेते का तेही विचारावे. आणि ही तपासणी जिल्हा रुग्णालयात मोफत व्हावी.

– एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, सांगली