अप्पांची तळघरातली खोली

प्रिय शरद,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला आठ महिने उत्तर दिले नाही, याची मला लाज वाटते. आमच्या सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. माझा गुडघा अधूनमधून दुखतो, एवढेच. आज लिहायला बसलो ते एका आकड्यामुळे, आणि तो तुझ्याखेरीज कुणाला सांगावा हे मला कळेना.

हे घर घेतले तेव्हा तू बजावले होतेस की, तळघरात कुणी झोपणार असेल तर आधी रेडॉन, म्हणजे जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू, मोजून घे. अणुवीज केंद्रात कामाला येणाऱ्या स्टॅन्ली वॉट्रसमुळे 1984 मध्ये तिथला किरणोत्साराचा गजर वाजू लागला आणि शोध घेतल्यावर दोष केंद्राचा नसून त्याच्या घरातल्या रेडॉनचा निघाला, ही हकीकत तू सांगितलीस, तेव्हा मी ती थाप समजलो आणि भरल्या ताटावर आपले भांडण झाले. पुढे तुझे तोंड बंद करावे म्हणून मी रेडॉन शोषून घेणारी, मोजणीची कोळशाची डबी आणून तीन दिवस ठेवली खरी, पण उघड्या खिडकीच्या कट्ट्यावर. घनमीटरमागे 60 बेकरेल (किरणोत्साराचे एकक) असा निकाल आला आणि तो मी तुला मोठ्या तोऱ्यात कळवला. तपासनीस येणार म्हणून वर्ग झाडून ठेवावा तशी ही चाचणी झाली, असे तू उत्तर लिहिलेस. ते मला फार झोंबले, कारण ते खरे होते.

या खेपेस सगळे नियमाने केले. बारा तास आधीपासून चाचणी संपेपर्यंत खिडक्या बंद ठेवल्या, दार केवळ ये-जा करण्यापुरते उघडले, आणि डबी जमिनीपासून हातभर उंच, भिंतींपासून दूर ठेवली. आकडा आला 340. जागतिक आरोग्य संघटना 100 ची पातळी सुचवते, आणि ती पाळणे शक्य नसेल तिथेही 300 च्या वर जाऊ नये असे सांगते. थंडीत घरातली उबदार हवा वर चढते आणि तिच्या जागी जमिनीतली हवा फटींतून आत ओढली जाते, त्यामुळे या दिवसांत आकडा चढतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून रेडॉनमधून सुटणाऱ्या अल्फा कणांचे ओरखडे टिपणारी प्लास्टिकची पट्टी आता तीन महिन्यांसाठी लावली आहे.

पण शरद, त्या खोलीत अप्पा सहा वर्षे झोपले आहेत, आणि मुलांना सिगारेटचा धूर नको म्हणून मीच त्यांना खाली पाठवले होते. त्यांनी एका शब्दानेही कुरकुर केली नव्हती. उलट खाली शांतता आहे म्हणाले. आपण श्वासात घेतलेला रेडॉन बहुतेक पुन्हा बाहेर पडतो, पण त्याच्यापासून तयार होणारे पोलोनियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य हवेतल्या धुळीला नि धुराला चिकटून फुप्फुसात बसते आणि तिथेच अल्फा कण सोडते. धूम्रपान आणि रेडॉन यांच्या धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, ते एकमेकांना वाढवतात. हे वाचल्यापासून रात्री त्यांचा खोकला ऐकू आला की मी उठून बसतो. डॉक्टरांनी त्यांना तपासले, आज काळजीचे काही नाही म्हणाले. त्याने माझे समाधान झालेले नाही.

त्यांचा पलंग मी वर आणला. जमिनीतल्या भेगा बुजवायला घेतल्या आहेत, पण तेवढ्याने भागत नाही हे आता समजले आहे. पट्टीचा निकाल आला की जमिनीला भोक पाडून नळी बसवायची आणि पंख्याने खालची हवा ओढून थेट छपरावर सोडायची, असे ठरवले आहे. घराचे मी करीन. सिगारेटचे मात्र माझ्याने होणार नाही. मी तोंड उघडले की ते 'पाहू' म्हणतात आणि उशी झटकू लागतात. तुझे ते ऐकतात. आपली परीक्षा बुडाली त्या वर्षीही त्यांनी तुझेच ऐकून मला घरात घेतले होते.

तुझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट झाली ना? माधुरीच्या बदलीचे काय झाले, तेही कळव.

रविवारी अप्पांना फोन कर. रेडॉनचे मी त्यांना अजून सांगितलेले नाही, पलंग वर आणला तो थंडीमुळे असे सांगितले आहे. खरे कारण तुझ्याकडून कळले तर त्यांना माझा राग येणार नाही, आणि सिगारेट सोडण्याचा विषयही त्याच ओघात निघेल. आधी माझ्याशी बोलायची गरज नाही.

तुझा,
विनू