दुखत नाही म्हणून थांबू नका

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

आईने बाबांच्या पायाच्या अंगठ्याचा फोटो आणि रिपोर्ट पाठवला. फोनवर बाबा म्हणाले, "दुखत नाही गं, कशाला धावपळ?" म्हणून रिपोर्टमधले शब्द उलगडून सविस्तर लिहितेय.

'नेक्रोसिस' म्हणजे जिवंत शरीराचा एखादा भाग मरणं. पेशी तशा रोजच मरतात, पण तो शरीराचा नेहमीचा व्यवहार. त्याला १९७२ साली अपॉप्टोसिस हे नाव मिळालं, त्याची काळजी नको. नेक्रोसिसची मात्र करायची. बाबांच्या बाबतीत कारण 'इस्केमिया', म्हणजे रक्त अपुरं पोचणं. इतक्या वर्षांच्या डायबिटीसने पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात.

आता 'ड्राय गँगरीन', म्हणजे रक्ताअभावी मेलेला भाग सुकून काळा पडणं. फोटोत अंगठ्याचं टोक काळं, कडक, सुरकुतलेलं दिसतंय आणि त्याच्या कडेने लालसर रेघ आहे. रेघेपलीकडचं मेलेलं, अलीकडचं जिवंत. हा सुका प्रकार सावकाश चालतो. त्यात जंतू शिरून तो ओला झाला, की सूज, पू, घाण वास, ताप. मग एक रात्रही घरी काढायची नाही, थेट हॉस्पिटल. म्हणून आई, अंगठा कोरडा ठेव. गरम पाण्यात पाय बुडवणं आणि हळदीचा लेप, दोन्ही आजपासून बंद.

बाबा, दुखत नाही कारण पायाच्या नसा बधिर झाल्यात. रामकुंडावर भर उन्हात तुम्ही अनवाणी चालता आणि चटका लागत नाही, ही मला फार धास्तीची गोष्ट वाटते.

गोळ्या वाढवून भागेल का, असं आईने विचारलंय. अँटिबायोटिक रक्तातूनच जातं. जिथे रक्तच पोचत नाही, तिथे ते कसं पोचणार? म्हणून मेलेला भाग काढतात, तेच 'डिब्राइडमेंट'. पण त्याआधी डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, हवंच. रक्त कुठे अडलंय, अँजिओप्लास्टीने ते मोकळं होईल का, हे कळल्यावरच किती काढायचं ते ठरतं. रक्तपुरवठा न बघता कापलं तर नवी जखमही भरत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या तसं 'गँगरीन म्हणजे पाय गेलाच' असं नाही. पाय वाचावा म्हणूनच ही सगळी घाई.

शनिवारी रात्री मी नाशिकला पोचते. सोमवारच्या डॉपलरला आपण तिघं जाऊ. तोवर बाबा, घरातसुद्धा चप्पल घाला, आणि आई, तू रोज संध्याकाळी दोन्ही तळवे उजेडात नीट बघ, बोटांच्या बेचक्यासुद्धा.

तुमची,
छकुली